चिनी बरणी आणि काचेचे कपाट

तासगावकडच्या जुन्या घरांत, माजघराच्या कोपऱ्यात नाहीतर माळ्यावर, चिनीमातीची एक तरी बरणी सापडतेच. खालचा घेर पांढरट, खांद्यापासून वर तपकिरी, तोंडाला फडके बांधलेले. तिच्यात लोणचे मुरते, मीठ राहते, चिंच टिकते. ही कोठून आली असे विचारले तर ‘मिरजेच्या बाजारातून’ असे उत्तर मिळते. खोलात गेलो तर कळते की तिची भट्टी गुजरातेत थान-वांकानेरकडे किंवा उत्तरेत खुर्ज्याला असते. चीन देशाशी तिचा संबंध नावापुरता, असेच आम्ही कित्येक वर्षे समजत होतो.

काही वर्षांपूर्वी साहित्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मुंबईस गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना दाखवायची होती ती शिल्पे आणि लघुचित्रे. चीन-जपानच्या वस्तूंच्या दालनात आम्ही शिरलो ते केवळ वाटेत लागले म्हणून. तेथे निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या कपाटापुढे एक विद्यार्थिनी रेंगाळली आणि म्हणाली, “सर, ही आमच्या आजीच्या बरणीची श्रीमंत बहीण दिसते.” सगळे हसले. आम्हीही हसलो आणि पुढच्या दालनाकडे वळलो.

परतीच्या प्रवासात मात्र ते वाक्य आमची पाठ सोडीना. आपल्या विद्यार्थ्यांना गांधार शैली ‘आपली’ वाटते, कांगड्याची चित्रे ‘आपली’ वाटतात, आणि चीन-जपानचे दालन मात्र एका धनिकाच्या हौसेचा पसारा वाटतो. ही समजूत बरोबर आहे काय? त्या वस्तू मुंबईस आल्या त्या कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर घाटावरच्या माणसांचे काही पाऊल उमटले आहे की नाही? या प्रश्नांचा आम्ही जो थोडाफार मागोवा घेतला, तो येथे मांडत आहोत.

१

प्रथम दालनाचा इतिहास. या संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली. जॉर्ज विटेट यांनी रचलेली इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि नव्या दालनांत वस्तूंऐवजी जखमी सैनिक आले. इस्पितळ हलल्यावर, १० जानेवारी १९२२ रोजी, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने ते लोकांसाठी उघडले. आजचे नाव त्याला १९९८ मध्ये मिळाले.

चीन-जपानच्या वस्तूंचा मुख्य भरणा टाटा बंधूंच्या संग्रहांतून झाला. सर रतन टाटा यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराब टाटा यांचा १९३३ मध्ये संग्रहालयास मिळाला. दोघेही जमशेटजींचे पुत्र. रतन टाटा १९१८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये निवर्तले. लंडनजवळ ट्विकनम येथील यॉर्क हाउस ही जुनी वास्तू त्यांनी विकत घेतली होती. पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी सरकारला पैसे देणारेही हेच रतन टाटा. भूतकाळाविषयी त्यांची ओढ खरी होती, यात शंका नाही.

या संग्रहांत काय आहे? चिनी निळी-पांढरी आणि बहुरंगी भांडी, हिरवट जेडमधली कोरीव कामे, तपकिरीच्या कुप्या; जपानचे मीनाकाम, लाखकाम, हस्तिदंत आणि ‘नेत्सुके’ नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या मूर्ती. पाहणारा थक्क होतो ते कारागिरीने. पण यांतली बहुतेक वस्तू मुळात कपाटात ठेवण्यासाठी घडलेली नव्हती, हे थोडे थांबून पाहिले तरच ध्यानात येते.

नेत्सुकेचेच घ्या. जपानी किमोनोला खिसे नसत. औषधे किंवा शिक्का ठेवण्याची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक गोटा ओवीत. तोच नेत्सुके. आपल्याकडे चंचीच्या दोरीला शोभेचे मणी ओवत, त्याच जातीची ही गरज. १८६८ नंतर मेइजी राजवटीत जपानी पुरुष कोट-पाटलोण घालू लागला, कोटाला खिसे आले आणि नेत्सुके निरुपयोगी झाला. नेमक्या त्याच काळात युरोप-अमेरिकेचे हौशी लोक ते विकत घेऊ लागले. वस्तूचा उपयोग संपला आणि तिचे कलावस्तू म्हणून आयुष्य सुरू झाले.

तपकिरीच्या कुपीची गोष्टही अशीच. तंबाखू मूळची अमेरिकेची. ती सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी पूर्वेकडे आली. आपल्याकडे तिची तपकीर झाली आणि पुणेरी शास्त्र्यांच्या कनवटीला डबी आली. चीनमध्ये दमट हवेत पूड सादळू नये म्हणून घट्ट बुचाची कुपी आली. एकोणिसाव्या शतकात तेथील कारागीर काचेच्या कुपीच्या आतल्या बाजूने, अरुंद तोंडातून वाकडी लेखणी घालून, चित्रे काढू लागले. आतून काढलेले चित्र बाहेरून सुलट दिसायला हवे, म्हणून सर्वांत वरचा बारकावा आधी आणि पार्श्वभूमी शेवटी.

हीच उलटी रीत आपल्या काचचित्रांची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या कँटन बंदरातले चितारी भारतीय गिऱ्हाइकांसाठी काचेवर चित्रे रंगवीत. ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली, दरबारांत आणि वाड्यांत पोचली. पुढे देशी चितारीही ती रीत शिकले आणि काचेमागे देव-देवता, राजे, कलावंतिणी दिसू लागल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहावयास मिळतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि भांडी यांच्या बरोबरीने ही चित्रे जपली, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांनी ती घरातली वस्तू म्हणूनच गोळा केली होती.

२

आता त्या विद्यार्थिनीच्या बरणीकडे, म्हणजे ‘चिनी’ या शब्दाकडे येऊ. साहित्याच्या माणसाला वस्तूपेक्षा शब्दाचे माग काढणे सोपे जाते.

संस्कृतात चीन आधी आला तो रेशमाच्या रूपाने. कौटिलीय अर्थशास्त्रात चीनपट्टाचा उल्लेख आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी परतणाऱ्या दुष्यंताच्या मनाला कालिदासाने वाऱ्याविरुद्ध नेल्या जाणाऱ्या निशाणाच्या चीनांशुकाची उपमा दिली आहे. ही उपमा आपण वर्गात शिकवतो ती मनाच्या ओढीसाठी. त्या निशाणाचे कापड दूरदेशाहून आलेले होते आणि श्रोत्यांना ते ओळखीचे होते, इकडे आपले लक्ष जात नाही.

मराठी बोलीत मात्र चीन आला तो किराण्याच्या दुकानातून. दालचिनी, कबाबचिनी, चोपचिनी, रेवाचिनी ही चार नावे आजही काष्ठौषधीवाल्याकडे ऐकू येतात. दालचिनी हा शब्द फारसीतून आला. मुळात तो ‘दार-ए-चीनी’, म्हणजे चीनचे लाकूड. प्रत्यक्षात आपल्या स्वयंपाकातली दालचिनी सिंहलद्वीप आणि मलबार येथलीही असते. कबाबचिनी तर जावा बेटाची. रेवाचिनी खुष्कीच्या वाटेने, इराण-खुरासानकडून येई. चोपचिनी हे मात्र खरोखर चीनकडचे मूळ. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ‘फिरंग’ रोगावर सोळाव्या शतकात आपल्या वैद्यांनी ते सुचवले आणि भावप्रकाशात त्याची नोंद झाली. रोग पश्चिमेच्या समुद्रावरून आला आणि त्याचे औषध पूर्वेच्या. दोन्हींची गाठ पडली ती आपल्या किनाऱ्यावर.

या शब्दांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोलणाऱ्याच्या मनात ‘चिनी’ म्हणजे नकाशावरचा एक विशिष्ट देश नव्हता. लांबून, बऱ्याच हातांतून, व्यापाराच्या वाटेने आलेला चांगला माल, एवढाच त्याचा अर्थ होता.

हाच शब्द पुढे मातीला लागला. पोर्सेलीन म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांचे मिश्रण. ते सुमारे तेराशे अंश तापमानाला भाजले की काचेसारखे घट्ट, नाद देणारे आणि पातळ असेल तर प्रकाश आरपार जाऊ देणारे भांडे होते. चीनमधल्या जिंगदेझेन या गावाने शतकानुशतके जगाला अशी भांडी पुरवली. युरोपला हे गुपित उलगडले ते थेट अठराव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीत माइसेन येथे. आमच्या घरची बरणी या कुळातली नव्हे. ती जाड, अपारदर्शक, वरून झिलई दिलेली. तरीही नाव चिनीमाती, कारण आपल्या भाषेने ‘चिनी’ हा शब्द झिलईला दिला.

याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात ‘चिनी महाल’ नावाची इमारत आहे. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याला औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले. या महालाला चिनी म्हणतात ते त्याच्या भिंतीवरच्या निळ्या झिलईच्या कौलांमुळे. ते काम इराणी परंपरेतले, चीनचे नव्हे. गंमत अशी की चिनी भांड्यांवरचा जगप्रसिद्ध निळा रंगही मुळात इराणकडचा. चौदाव्या शतकात कोबाल्टचा खनिज रंग इराणमधून चीनला जाई आणि जिंगदेझेनचे कुंभार त्याने पांढऱ्या मातीवर वेलबुट्टी काढीत. रंग इराणातून चीनला गेला, नाव चीनमधून इराणला आले आणि दोन्ही दख्खनच्या एका भिंतीवर येऊन थांबले. मुंबईच्या कपाटातल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाणीला केवळ चीनची म्हणून पाहिले तर हा सारा प्रवास नजरेआड होतो.

३

शब्दांच्या साक्षीला जमिनीची साक्षही आहे. उत्तर कोकणच्या सीमेवरील संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तेव्हा तेथे पश्चिम आशियातल्या भांड्यांबरोबर चिनी भांड्यांच्या खापऱ्याही मिळाल्या. म्हणजे शिवकालाच्या कितीतरी आधी, शिलाहार-राष्ट्रकूटांच्या काळात, चिनी भांडे आपल्या किनाऱ्यावर फुटत होते. जेथे भांडे फुटते तेथे ते वापरात असते.

उलट दिशेची साक्ष तर शालेय पुस्तकांत आहे. सातव्या शतकात, इ. स. ६४१ च्या सुमारास, ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. येथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, हे त्याचे निरीक्षण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ६४५ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्यासोबत ६५७ ग्रंथ आणि काही मूर्ती होत्या. आपल्याविषयी जुन्यातले जुने, नजरेने पाहून लिहिलेले जे वर्णन उपलब्ध आहे, त्यांत एका चिनी भिक्षूचे वर्णन अग्रभागी आहे. असे असूनही चीनचे दालन आपल्याला परके वाटते.

याचे कारण आपल्या इतिहासलेखनाच्या सवयीत आहे असे आम्हांस वाटते. मराठी इतिहास घोड्यावर बसून घाट, किल्ले आणि मोहिमा पाहतो. तासगावचे नाव इतिहासात येते ते परशुरामभाऊ पटवर्धनांमुळे, त्यांच्या कर्नाटकातील मोहिमांमुळे आणि दक्षिणी धाटणीचे सात मजली गोपुर असलेल्या गणपतीच्या देवळामुळे. समुद्र या इतिहासात क्वचितच येतो आणि आला तरी आरमार म्हणून येतो. माल, गोदी, हुंडी, दलाल यांचा इतिहास आपण मराठी मानत नाही. तो गुजराती, पारशी किंवा इंग्रजी म्हणून बाजूला ठेवतो.

४

परंतु मुंबईच्या या दालनाचा खरा इतिहास त्या व्यापारातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईतून चीनला मुख्यत्वे दोन जिन्नस जात, कापूस आणि अफू. परत येताना जहाजांत रेशीम, साखर, कापूर, चिनी भांडी असत. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि चीनला इंग्रजांच्या मालाची फारशी गरज नव्हती. ही तूट अफूने भरून काढली गेली. ईस्ट इंडिया कंपनी स्वतः चीनमध्ये अफू उतरवीत नसे. खासगी व्यापारी ती विकत, तिची चांदी कँटन येथे कंपनीच्या खजिन्यात भरत, आणि त्या चांदीतून कंपनी चहा घेई. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून जाई. चीनच्या बादशहाने ही आयात बंद करण्याचा प्रयत्न केला तेव्हा १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे झाली. दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा इंग्रज-फ्रेंच फौजांनी लुटला आणि जाळला. त्यानंतर चीनच्या राजघराण्यातल्या वस्तू युरोपच्या लिलावांत दिसू लागल्या.

मुंबईच्या पहिल्या फळीतल्या व्यापारी घराण्यांचे वैभव या चीनव्यापारावर उभे आहे. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या आणि पुढे जार्डिन मॅथेसन या पेढीशी भागीदारीत मोठा व्यापार केला. त्यांनीच दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईची कलाशाळा सुरू झाली. तीच पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून नावारूपास आली. धुरंधरांपासून पुढच्या कितीतरी मराठी चित्रकारांनी तेथे हात घडवला. आधुनिक मराठी चित्रकलेचा इतिहास लिहिताना आपण इंग्रज शिक्षकांची शैली, रविवर्म्याचा प्रभाव, अजिंठ्याचे पुनरुज्जीवन यांची चर्चा करतो. त्या शाळेच्या पायातला पैसा चीनव्यापारातून आला होता, हे मात्र सांगायचे राहते.

टाटांचा मार्गही आरंभी हाच होता. १८५९ मध्ये तरुण जमशेटजी टाटा हाँगकाँगला गेले. त्या काळच्या मुंबईच्या बहुतेक पेढ्यांप्रमाणे त्यांच्या पेढीचा व्यापार कापूस आणि अफू यांचाच होता आणि तो तेव्हाच्या कायद्यात बसणारा होता. पुढे ते गिरण्यांकडे वळले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. येथून आमच्या दृष्टीने गोष्टीला निराळे वळण लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या गिरण्या जे सूत कातत, त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होता. चिनी खेड्यांतले विणकर मुंबईच्या सुतावर हातमागाचे कापड विणत. १८९३ मध्ये मुंबईहून जपानला नियमित जहाजे सुरू झाली. इंग्रज जहाज कंपन्यांची मक्तेदारी आणि चढे भाडे यांना तोंड देण्यासाठी जमशेटजी टाटांनी जपानी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी केली होती. कापूस कोबे-ओसाकाला जाऊ लागला. हाच जपान पुढे स्वतःच्या गिरण्यांतले सूत चीनला विकू लागला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईची चीनमधील बाजारपेठ त्याने जवळपास काबीज केली. दालनात शेजारी शेजारी मांडलेल्या चिनी आणि जपानी वस्तूंमध्ये मुंबईच्या एका गिऱ्हाइकाची आणि एका प्रतिस्पर्ध्याची ही कथा दडलेली आहे.

आणि ते सूत कातत होते कोण? कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्याखालोखाल घाटावरचे, म्हणजे सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतले लोक मुंबईच्या गिरण्यांत होते. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस थोडा. १८७६-७७ च्या दुष्काळात हा भाग होरपळून निघाला. द्राक्षबागा आणि बेदाणा ही अलीकडची समृद्धी. त्याआधीच्या पिढ्यांना मुंबईची वाट ठाऊक होती. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावाहून अण्णा भाऊ साठे वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले आणि गिरणीतही राबले, हे आपण जाणतोच. त्यांच्या काळी चीनचा सूतव्यापार संपला होता, पण वाट तीच होती.

म्हणजे हिशेब असा मांडता येतो. घाटावरचा माणूस दुष्काळाने मुंबईस गेला. त्याने कातलेले सूत शांघायला विकले गेले. त्या व्यापाराच्या नफ्यातून एका सुसंस्कृत घराण्याला कलावस्तू जमवण्याची ऐपत आली, आणि त्या वस्तू अखेर सर्व मुंबईकरांसाठी खुल्या झाल्या. त्या सुतातला अमुक धागा अमुक फुलदाणीपर्यंत पोचला असे दाखवता येणार नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. परंतु आमच्या विद्यार्थिनीचे पूर्वज या दालनाच्या इतिहासाबाहेर होते, असे मात्र आता आम्हांस म्हणवत नाही. टाटांची दानत यामुळे उणी होते असेही नाही. संग्रह विकून टाकणारे, बंद वाड्यांत कुजू देणारे धनिक पुष्कळ होते. त्यांनी तो लोकांना दिला. फक्त देणाऱ्याच्या नावाबरोबर त्या देण्यामागच्या श्रमांचीही आठवण असावी, एवढेच आमचे म्हणणे.

५

या इतिहासाचे एक पान सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरी आहे आणि ते कोणत्याही कपाटात मांडलेले नाही.

१८३४ च्या सुमारास महाबळेश्वर येथे इंग्रजांनी एक तुरुंग उभारला. मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी तेथे आणून ठेवले होते. सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्यांची हकीकत आहे. त्यांच्यावर फारसा कडक पहारा नसे. ते बागा करीत, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवीत, वेताच्या टोपल्या विणीत. त्यांच्या बागांची भाजी थंड हवेसाठी आलेल्या साहेबांच्या टेबलावर जाई. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. ज्या डोंगरावर आज पर्यटक ताजी भाजी आणि स्ट्रॉबेरी विकत घेतात, तेथल्या बागाईतीच्या आरंभीच्या काळात या परदेशी कैद्यांचे हात होते.

हे कैदी महाबळेश्वरी वाफे खणीत होते त्याच दशकांत मुंबईचे व्यापारी कँटनहून वस्तू आणत होते. चिनी वस्तूला काचेचे कपाट, मऊ प्रकाश आणि नावाची पाटी मिळाली. चिनी माणसाला गॅझेटिअरमधला एखादा परिच्छेद मिळाला. संग्रहालये वस्तूंची असतात, माणसांची नसतात, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण वेताची टोपली हीही वस्तूच आहे. ती टिकली नाही, कारण ती वापरली गेली, आणि ती जपावी असे कोणाला वाटले नाही.

साताऱ्याच्या या मुलखात संग्रहालयाची परंपरा नाही असे नव्हे. औंधच्या राजेसाहेबांनी, स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये भवानी संग्रहालय बांधले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी आयुष्यातले पहिले तैलचित्र तेथेच पाहिले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे दगडी शिल्प एका खेड्याच्या टेकडीवर पाहता येते, हे आजही पाहुण्यांना खरे वाटत नाही. जगाची कला खेड्यातल्या माणसाच्या पायवाटेवर आणून ठेवावी, हा त्यामागचा विचार होता. तो विचार पुढे न्यायचा तर, ही कला आपल्या वाटेवर कशी आली, हेही सांगावे लागेल.

६

जगातल्या बहुतेक संग्रहालयांत अशा वस्तूंखालच्या पाटीवर चार गोष्टी असतात : देश, काळ, माध्यम आणि दात्याचे नाव. पाटी लहान असते. तिच्यावर सगळे मावणार नाही, हे आम्हांस कळते. उरलेला मजकूर लिहिण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी केले पाहिजे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते का करू नये? शब्दाची व्युत्पत्ती काढणे, दोन मजकूर शेजारी ठेवून वाचणे, न लिहिलेले ओळखणे, हीच तर आपली विद्या. चीनांशुक वर्गात शिकवताना रेशमाच्या वाटेवर दोन मिनिटे थांबता येते. गिरणगावाचे साहित्य शिकवताना सूत कोठे जात होते, हे विचारता येते. यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही.

त्या सहलीनंतर आम्ही एक स्वाध्याय देऊ लागलो. घरातली एक जुनी वस्तू निवडायची, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे आणि तिची पाटी लिहायची. मुले सुरुवातीला कंटाळतात, मग घरी तास तास बोलत बसतात. कोणी पितळी डब्याची पाटी लिहिली, कोणी घोंगडीची, कोणी रंगून सागाच्या दाराची. त्या विद्यार्थिनीने अर्थातच बरणी निवडली. आजीला विचारल्यावर तिला कळले की ती मिरजेहून आलेलीच नव्हती. तिने लिहिलेली पाटी आमच्याजवळ आहे. ती अशी :

“बरणी. माती चिनी म्हणतात ती, घडण आपल्याकडची. पणजोबा मुंबईला गिरणीत होते. रजेवर येताना त्यांनी ही पेंढ्यात गुंडाळून आणली. टोपण वाटेत फुटले. सध्या मीठ ठेवतात.”